चाकं टेकता टेकता विमान पुन्हा वर का जातं?

रात्रीची वेळ, बाहेर बारीक पाऊस. चाकं खाली आल्याचा तो ओळखीचा धडधडाट होऊन दोन-तीन मिनिटं झाली होती. खाली रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे एकेक मोजता यावेत इतकं विमान खाली आलं होतं. शेजारच्या मावशींनी पायातून काढून ठेवलेल्या चपला पुन्हा घातल्या, चष्मा डबीत ठेवला. आता टेकणार, असं वाटत असतानाच इंजिनांनी एकदम गर्जना केली. पाठ सीटला चिकटली, नाक वर झालं, आणि ते गाड्यांचे दिवे झपाट्याने लहान होत ढगात विरून गेले.

मावशींनी माझं मनगट धरलं. "काय झालं हो?"

मला तेव्हा उत्तर माहीत होतं, तरी छातीत धडधडत होतंच. पुढची चार-पाच मिनिटं केबिनमध्ये कुणाचाही आवाज नव्हता. कॉकपिटमधून घोषणा नाही, हवाई सेविका आपापल्या खुर्चीत पट्टे बांधून बसलेल्या, मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटत देवाचं नाव घेत होतं. या चार-पाच मिनिटांबद्दल मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. विमानप्रवासातली खरी भीती मी याच मिनिटांत पाहिली आहे, आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी खर्च होते.

गो-अराउंड म्हणजे काय

वैमानिकांच्या भाषेत याला गो-अराउंड म्हणतात. "आत्ता नको, एक चक्कर मारून परत येऊ", एवढाच त्याचा अर्थ. उतरायला सुरुवात करण्याआधीच दोन्ही वैमानिक एकमेकांना दोन्ही योजना बोलून दाखवतात: उतरलो तर कुठून बाहेर पडायचं, आणि नाही उतरलो तर कुठे जायचं. दुसऱ्या योजनेचा मार्ग त्या धावपट्टीच्या नकाशावर छापलेलाच असतो. कोणत्या दिशेने चढायचं, किती उंचीवर थांबायचं, कुठे वळायचं, सगळं. म्हणजे आपल्याला जो क्षण अचानक आलेला वाटतो, त्याची उजळणी पुढे बसलेल्या दोघांनी थोड्याच वेळापूर्वी केलेली असते.

प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. उतरताना प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून, ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने खाली येत असतं. इंजिनं मंद, पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप पूर्ण बाहेर, चाकं खाली. "गो-अराउंड" हा शब्द उच्चारला गेला की बोइंगच्या विमानात इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवरचं टोगा नावाचं बटण दाबतात, एअरबसमध्ये लिव्हरच पुढच्या शेवटच्या खाचेत ढकलतात. टोगा ही 'टेकऑफ' आणि 'गो-अराउंड' या शब्दांची आद्याक्षरं. इंजिनं जोर धरतात, नाक साधारण पंधरा अंश वर जातं. फ्लॅप एक टप्पा आत. विमान खरोखरच वर चाललंय हे उंचीमापकावर दिसलं की "पॉझिटिव्ह क्लाइम्ब" अशी हाक येते आणि मगच चाकं आत घेतात. पायाखालून ऐकू येणारा तो दुसरा धडधडाट चाकांचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी तुटलं.

या सगळ्याचा जोर टेकऑफपेक्षाही जास्त जाणवतो, आणि त्याला साधं कारण आहे. प्रवासाच्या शेवटी टाकीतलं बरंचसं इंधन जळून गेलेलं असतं, त्यामुळे विमान निघतानापेक्षा कितीतरी हलकं असतं. इंजिनं मात्र तीच. हलकी वस्तू जोरात ढकलली की ती उसळणारच. काही बोइंग विमानांत टोगा बटण एकदा दाबलं तर मर्यादित जोर मिळतो आणि पूर्ण जोरासाठी पुन्हा दाबावं लागतं, ते यासाठीच.

कान फसवतात

त्या रात्री मावशी नंतर म्हणाल्या, "विमान अगदी उभं झालं होतं की." उभं झालं नव्हतं. पण त्यांना तसं वाटलं यात त्यांची काही चूक नाही.

आपल्या कानाच्या आतल्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. त्यांना ओटोलिथ म्हणतात. डोकं मागे झुकवलं की हे कण मागच्या बाजूला ओढले जातात आणि मेंदूला कळतं, आपण मागे झुकलो. अडचण अशी की आपण सरळ बसलेलो असताना वाहनाने एकदम वेग घेतला, तरी हे कण तसेच मागे ओढले जातात. बाहेर उजेड असेल तर डोळे मेंदूला खरं काय ते सांगतात. रात्री, ढगात, खिडकीबाहेर काळोख असताना मेंदूकडे कानाशिवाय साक्षीदारच नसतो. मग खरा पंधरा अंशांचा चढ आणि वेगामुळे भासणारा आणखी दहा-पंधरा अंशांचा चढ यांची बेरीज होते, आणि विमान जणू आकाशाकडे तोंड करून उभं आहे असं वाटू लागतं.

याचीच दुसरी बाजू जास्त घाबरवणारी आहे. गो-अराउंडनंतर गाठायची उंची बऱ्याचदा दोन ते चार हजार फूट एवढीच असते, आणि हलकं विमान ती चटकन गाठतं. तिथे पोचलं की इंजिनांचा जोर कमी करतात, नाक खाली आणतात. इतका वेळ कानात भरलेली गर्जना एकदम थांबते आणि पोटात खड्डा पडतो. "इंजिनं बंद पडली, आता आपण पडतोय," असं प्रवाशांना ठामपणे वाटतं ते नेमकं याच क्षणी. खरं तर त्या क्षणी विमान नुसतं सपाट झालेलं असतं. पुढच्या वेळी असं झालं तर श्वास रोखून दहापर्यंत मोजा. इंजिनांचा मंद, एकसुरी आवाज तुम्हाला पुन्हा ऐकू येईल.

हा भास वैमानिकांनाही होतो, आणि तो किती घातक ठरू शकतो हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २३ ऑगस्ट २००० रोजी बहारीनमध्ये गल्फ एअरचं एअरबस ए३२० रात्री उतरण्याचा प्रयत्न सोडून समुद्रावरच्या काळोखात वर चढत होतं. नाक प्रमाणाबाहेर वर गेल्याचा भास झाल्याने ते खाली दाबलं गेलं असावं, असं तपासातून पुढे आलं. विमान समुद्रात कोसळलं, त्यातले सर्व १४३ जण गेले. १९ मार्च २०१६ रोजी रशियातल्या रोस्तोव-ऑन-डॉन इथे फ्लायदुबईचं बोइंग ७३७ गो-अराउंड करतानाच कोसळलं, ६२ जण गेले. तिथल्या तपासातही दिशाभान हरपण्याचा मुद्दा होता. म्हणून वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा शिकवतात की शरीर काहीही सांगो, नजर समोरच्या यंत्रांवरच ठेवायची. गो-अराउंड ही वैमानिकांच्या सरावातली, पण दुर्मीळ गोष्ट आहे. दर हजार लँडिंगमागे एक ते तीन वेळा. रोज उडणाऱ्या वैमानिकाच्याही वाट्याला ती वर्षातून मोजक्या वेळाच येते, म्हणून तिचा सराव मुद्दाम करावा लागतो.

घोषणा का येत नाही

प्रवाशांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते: काहीतरी सांगायला काय झालं होतं? सांगतात, पण सगळं हातावेगळं झाल्यावर. वैमानिकांच्या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी विमान उडवा, मग कुठे जायचं ते पाहा, बोलायचं ते शेवटी. गो-अराउंडनंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत घ्यायचे असतात, ठरलेल्या उंचीवर थांबायचं असतं, कंट्रोल टॉवरशी बोलायचं असतं, ते देतील त्या नव्या दिशेला वळायचं असतं, तपासयादी वाचायची असते, इंधन किती उरलंय ते पाहायचं असतं आणि दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करायची असते. त्यांची शांतता म्हणजे कामात गढलेल्या माणसांची शांतता. मला स्वतःला हे कळल्यापासून त्या शांततेची भीती बरीच कमी झाली.

इंधनाची काळजीही बऱ्याच जणांना वाटते. हिशेब साधा आहे. मुक्कामापर्यंतचं इंधन, वाटेत काही कमी-जास्त झालं तर त्यासाठीचं इंधन, साधारणपणे दुसऱ्या विमानतळावर जाण्याचं इंधन, आणि या सगळ्याखेरीज जेट विमानाला आणखी अर्धा तास हवेत राहता येईल एवढा शेवटचा साठा. हा शेवटचा साठा वापरायची वेळ येईल असं दिसलं की वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावी लागते. एक चक्कर मारून परत येण्याला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढी सोय आधीच केलेली असते. दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर बहुतेक वेळा सरळ दुसऱ्या विमानतळाकडे वळतात.

कारणं बहुधा साधी

बहुतेक गो-अराउंडची कारणं ऐकली तर आश्चर्य वाटेल इतकी साधी असतात. पुढे उतरलेलं विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला थोडं रेंगाळलं, हे अगदी नेहमीचं. गजबजलेल्या विमानतळावर दोन विमानांमध्ये तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर अंतर असू शकतं. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण उतरण्याच्या वेगाने ते सव्वा मिनिटात संपतं. पुढच्याने एक वळण चुकवून पुढच्या वळणावर जायचं ठरवलं, की मागच्याचा हिशेब चुकला. वारा अचानक मागून येऊ लागला, ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत, धावपट्टीवर पक्षी किंवा जनावर दिसलं, हीही नेहमीचीच कारणं. आणि हो, एखादा प्रवासी ऐनवेळी उठून स्वच्छतागृहात गेला आणि 'केबिन तयार नाही' असा निरोप पुढे गेला, तरी विमान परत वर जाऊ शकतं. पट्टा बांधा ही विनंती एवढी कळकळीने का करतात, ते यावरून कळावं.

कधी मात्र कारण फार मोठं असतं आणि प्रवाशांना पत्ताही नसतो. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एअर कॅनडाचं ए३२० धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेकडे, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत ये-जा करतात त्या रस्त्याकडे, उतरू लागलं. त्या टॅक्सीवेवर प्रवाशांनी भरलेली चार विमानं रांगेत उभी होती. अगदी शेवटी गो-अराउंड झालं. विमान जमिनीपासून ५९ फुटांपर्यंत खाली येऊन गेलं होतं. आत बसलेल्यांना कळलं असेल ते एवढंच, की उतरता उतरता आपण परत वर गेलो.

४ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेतल्याच ऑस्टिनमध्ये दाट धुकं होतं. फेडएक्सचं मालवाहू बोइंग ७६७ उतरायच्या बेतात असताना त्याच धावपट्टीवरून साउथवेस्टच्या ७३७ ला उड्डाणाची परवानगी मिळाली. फेडएक्सच्या वैमानिकांना धुक्यात समोर विमानाची आकृती दिसली आणि त्यांनी तिथूनच वर घेतलं. दोन विमानांमधलं अंतर दोनशे फुटांहूनही कमी राहिलं होतं.

घाबरायचं असेल तर याला घाबरा

आता मला खरं काय सांगायचं आहे ते सांगते. गो-अराउंड झालं म्हणून प्रवासी घाबरतात. जिथे ते व्हायला हवं होतं आणि झालं नाही, तिथे मात्र कुणी घाबरत नाही, कारण केबिनमध्ये काही वेगळं जाणवतच नाही.

उतरताना विमान 'स्थिर' असावं असा नियम आहे. ढगात असेल तर हजार फुटांवर, हवा स्वच्छ असेल तर निदान पाचशे फुटांवर, विमानाचा वेग, उतार, फ्लॅप, चाकं हे सगळं जागच्या जागी असलं पाहिजे. नसेल तर वर जायचं. विमानसुरक्षेवर काम करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने या प्रश्नाचा दीर्घ अभ्यास करून २०१७ मध्ये अहवाल दिला. त्यातला आकडा मी विसरू शकत नाही: अस्थिर अवस्थेत धावपट्टीकडे येणाऱ्या शंभर विमानांपैकी जवळपास ९७ तशीच उतरतात. गो-अराउंड करतात ती तीनच. बहुतेकांचं निभावून जातं, आणि निभावलं म्हणूनच पुढच्या वेळीही तसंच करावंसं वाटतं.

२२ मे २०१० ला मंगळूरमध्ये निभावलं नाही. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७ खूप उंचावरून, खूप वेगाने येत होतं. सहवैमानिकाने पुन्हा पुन्हा गो-अराउंड करायला सांगितलं. कॅप्टनने विमान खाली आणणं चालूच ठेवलं. चाकं टेकली तेव्हा पठारावरची ती धावपट्टी निम्म्याहून जास्त मागे पडली होती. विमान कड्यावरून दरीत गेलं, १५८ माणसं गेली, आठ वाचली. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोझिकोडमध्ये पावसात तशीच धावपट्टी, तसंच अर्ध्यावर टेकणं, आणि पुन्हा सहवैमानिकाची न ऐकली गेलेली "गो-अराउंड" ही हाक. २१ जण गेले.

हे दोन अहवाल वाचताना गळ्याशी येतं. दोन्हीकडे धोका ओळखणारा माणूस कॉकपिटमध्येच होता आणि तो बोललाही होता. म्हणून आज बहुतेक कंपन्यांत नियम आहे की दोघांपैकी कुणीही, अगदी कालच रुजू झालेल्या सहवैमानिकानेही, "गो-अराउंड" म्हटलं की वाद न घालता वर जायचं. कारण काय होतं, चूक कुणाची होती, याबद्दल शिक्षा करायची नाही असंही धोरण अनेक ठिकाणी आहे. उशीर, इंधनाचा खर्च, प्रवाशांची नाराजी, यांची भीती त्या एका क्षणी वैमानिकाच्या मनात येता कामा नये. आपण प्रवासी उतरताना कुरकुरलो तर त्या भीतीत आपली भर पडते, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

आणखी एक. चाकं धावपट्टीला टेकल्यावरही विमान वर जाऊ शकतं, रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे वेग कमी करायला इंजिनांचा उलटा वळवलेला जोर, सुरू होईपर्यंत. पण तेव्हा चूक व्हायला फार जागा असते. ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून निघालेलं एमिरेट्सचं बोइंग ७७७ दुबईत टेकून परत उठलं. चाकं जमिनीला लागली की टोगा बटण काम करत नाही, आणि इंजिनांचा जोर वाढलेलाच नाही हे वेळेत लक्षात आलं नाही. विमान धावपट्टीवर आदळलं आणि पेटलं. आतले तीनशेच्या तीनशे वाचले, आग विझवायला आलेला एक जवान मात्र गेला.

आणि धावता धावता थांबलं तर?

टेकऑफ रद्द होणं हा अनुभव वेगळा आहे. विमान धावतंय, पाठ सीटला टेकलेली, आणि एका क्षणात सगळं उलट: पट्टा पोटात रुततो, वरच्या कप्प्यात सामान आदळतं, रिव्हर्सची गर्जना होते, आणि विमान धावपट्टीच्या मधोमध थांबतं. मग जळक्या ब्रेकचा वास. थोड्या वेळात खिडकीबाहेर अग्निशमन दलाच्या गाड्यांचे फिरते दिवे.

साधारण तीन हजार टेकऑफमागे एक रद्द होतो, असा विमान उद्योगाचा जुना पण अजूनही वापरला जाणारा अंदाज आहे. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश ८० नॉट, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आतच थांबतात. ते प्रवाशांना नुसता एक धक्का वाटतात. तोवर बारीकसारीक कारणासाठीही थांबण्याची मुभा असते: एखादा दिवा लागला, दार नीट बंद नसल्याची सूचना आली. हा टप्पा बोइंगच्या विमानांत ८० नॉटला, एअरबसमध्ये १०० नॉटला संपतो. तिथून पुढे इंजिन बंद पडणं, आग, किंवा विमान उडूच शकणार नाही असं काही, एवढ्यासाठीच थांबायचं.

आणि मग येतो व्ही-वन, म्हणजे थांबायचं की उडायचं हे ठरवणारा वेग. विमानाचं वजन, तापमान, वारा, धावपट्टीची लांबी आणि ओल, यांवरून तो प्रत्येक उड्डाणासाठी नव्याने काढतात. थांबायचं असेल तर ब्रेक लावायला सुरुवात या वेगापर्यंत झालेली असली पाहिजे. या वेगाच्या पुढे इंजिन जरी बंद पडलं तरी उडायचं. दुहेरी इंजिनाचं विमान एका इंजिनावर सुखरूप उडू शकेल, असा हिशेब त्यात आधीच केलेला असतो. लहान जेट विमानांत व्ही-वन ताशी २४० ते २८० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला एका सेकंदात सत्तरेक मीटर धावपट्टी संपते. विचार करायला वेळच नाही, म्हणून विचार आधी करून ठेवलेला असतो.

एक तपशील मला फार आवडतो. धावताना कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर असतो, थांबायची वेळ आली तर लगेच मागे ओढता यावेत म्हणून. "व्ही-वन" अशी हाक आली की तो हात लिव्हरवरून काढून घेतात. चुकूनही, घाबरूनही तो हात आता मागे येऊ नये, यासाठी. टेकऑफ थांबवण्याचा निर्णय बहुतेक कंपन्यांत फक्त कॅप्टन घेतो. गो-अराउंड कुणीही म्हणू शकतो, "स्टॉप" मात्र एकानेच म्हणायचं. कारण जास्त वेगात थांबणं हीच मुळात धोक्याची गोष्ट आहे. टेकऑफ रद्द करून धावपट्टीबाहेर गेलेल्या विमानांच्या जुन्या अपघातांत निम्म्याहून जास्त वेळा थांबण्याची सुरुवात व्ही-वन ओलांडल्यावर झाली होती. इंजिनाचा जोर खरोखर गेलेला होता तो जेमतेम चौथाई अपघातांत.

अपवादही आहे. ८ मार्च २०१७ ला अमेरिकेत इप्सिलान्टीमध्ये एका एमडी-८३ विमानाच्या कॅप्टनने व्ही-वन ओलांडल्यावर नाक वर ओढलं आणि ते उठेचना. जमिनीवर उभं असताना वादळी वाऱ्याने शेपटीचा एक भाग अडकवून ठेवला होता, आणि ते धावण्याआधी कळण्याची सोयच नव्हती. त्याने थांबवलं. विमान धावपट्टीबाहेर गेलं, पण ११६ च्या ११६ जण वाचले. उड्डाण अशक्य आहे असं दिसलं तर नियम ओलांडण्याचीही मुभा असते, ती अशा क्षणासाठी.

ब्रेकवर किती भार येतो याचा मी हिशेब केला. सत्तर टनांचं विमान सेकंदाला ७५ मीटर वेगाने धावत असेल तर त्यात सुमारे २०० मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सहाशे लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. ती मोजक्या सेकंदांत विरून जायला हवी, आणि तिचा मोठा वाटा चाकांमधल्या ब्रेकच्या चकत्यांना गिळावा लागतो. त्या लालबुंद होतात. टायर फुटू नये म्हणून चाकात वितळणारी बुचं असतात. फार तापली की ती वितळतात आणि हवा हळूच निघून जाते. २१ मे १९८८ ला डॅलस-फोर्ट वर्थमध्ये एका डीसी-१० विमानाचे दहापैकी आठ ब्रेक थांबताना निकामी झाले, कारण ते झिजलेले होते. चाचणी तोवर नव्या ब्रेकवर होत असे. त्यानंतर झिजलेल्या ब्रेकवरच चाचणी घ्यायचा नियम आला. शिवाय त्या चाचणीत थांबल्यावर पहिली पाच मिनिटं अग्निशमन दलाने हात न लावता आग आटोक्यात राहिली पाहिजे. त्या गाड्या विमानाभोवती येतात त्या बहुतेक वेळा ब्रेकचं तापमान पाहायला. ब्रेक थंड होऊन पुन्हा निघायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो, आणि तो लागू द्यावा.

थांबल्यावर जागेवरच बसून राहा. पट्टा सोडू नका, उठून सामान काढू नका. बाहेर पडायचं असेल तर तसा हुकूम येईल, आणि आला तर पिशवीला हात न लावता, निघायचं म्हणजे निघायचं. ८ सप्टेंबर २०१५ ला लास वेगासमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या ७७७ चं इंजिन टेकऑफला धावतानाच पेटलं. कॅप्टनने लगेच थांबवलं, विमानातले सर्व १७० जण बाहेर आले. पण काहींच्या हातात बॅगा होत्या, हे त्या दिवसाच्या छायाचित्रांत दिसतं. त्या बॅगांमागे कुणीतरी आपल्या पाळीची वाट पाहत उभं होतं. २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरमध्ये टेकऑफला धावताना असाच आवाज झाला. टायर फुटला असावा असं समजून कॅप्टनने ब्रेक जपून लावले. फुटलं होतं इंजिन. आग लागली आणि ५५ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने. आज जमिनीलगत दिसणारे पट्टीसारखे दिवे आणि दाराशेजारची मोकळी जागा हे बऱ्याच अंशी त्या दिवसाचं देणं आहे. प्रत्येक वेळी बसताना आपल्या रांगेपासून दार किती रांगा पुढे आणि किती मागे आहे ते मोजून ठेवा. धुरात दिसत नाही, हाताने सीटच्या पाठी मोजत जावं लागतं.

त्या रात्री आम्ही दहा-बारा मिनिटांत पुन्हा धावपट्टीसमोर आलो. मधे घोषणा झाली होती, थोडक्यात आणि अगदी शांत आवाजात: पुढचं विमान धावपट्टीवरून वेळेत बाहेर पडलं नव्हतं. दुसऱ्यांदा चाकं खाली आली, तेच रस्त्यावरचे दिवे, तोच पाऊस. या वेळी टेकलो. मावशींनी मनगट सोडलं तेव्हा तिथे त्यांच्या बांगडीचा लालसर वळ उठला होता.

विमान जागेवर थांबलं आणि त्यांनी घरी फोन लावला. "हो, पोचले. नाही गं, काही नाही. पुढचं विमान बाजूला झालं नव्हतं, मग आमच्या पायलटने एक चक्कर मारून आणलं. तू गाडी घेऊन ये सावकाश."